दिसायला ठणठणीत, म्हणून भरपाई नाही?

वाचकाचं पत्र

वकीलताई, नमस्कार. आम्ही खेड तालुक्यातले. माझे मिस्टर 34 वर्षांचे आहेत. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटदाराकडून सीएनसी (संगणकावर चालणारं मशिन) ऑपरेटर होते, पगार 24,000. यंदा 9 फेब्रुवारीला संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येताना टेम्पोने मागून धडक दिली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं, डोक्यात नव्हतं. अकरा दिवस आयसीयूत होते. कंपनीच्या मेडिक्लेममधून तीन लाख भरले गेले, वरचे दीड लाख आम्ही सोनं मोडून भरले. आता चालतात, बोलतात, जेवतात. पण तेच तेच विचारत राहतात, गॅस चालू ठेवून निघून जातात, मुलगा जरा रडला की ताट भिरकावतात. आधी असे नव्हते हो. कंपनीने हेल्परचं काम देऊन बघितलं, मग ‘बरे झालात की या’ म्हणून घरी बसवलं. भजनात पखवाज वाजवायचे, आता ठेका हुकतो म्हणून जातच नाहीत. विम्याकडून आलोय म्हणून एक माणूस सारखा येतो, साडेचार लाखांत मिटवा म्हणतो. दीर म्हणतात, घेऊन टाका, माणूस धडधाकट दिसतोय, कोर्ट काय देणार? आणि सासूबाई म्हणतात, पैशासाठी माझ्या लेकाला वेडा ठरवतेस का? जुलै अर्धा संपला. मी काय करू? यांना कोर्टात उभं राहावं लागेल का?

उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी तारीख. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची मुदत लागू झाली. तुमचे सहा महिने 9 ऑगस्टला संपतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि त्याचा निर्णय होईपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर घरी बसू नका. या महिन्यातच वकील गाठा आणि दावा आत टाका.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अशा दाव्यांच्या खास कोर्टाकडे, पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. तुमच्या बाबतीत तो गेला असेलच असं धरून चालू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्याच फेरीत एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, टेम्पोचं आरसी बुक, चालकाचं लायसन्स आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती मागा. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर तेही. जिथे अपघात झाला किंवा तुम्ही जिथे राहता, त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. विमा कंपनीचं मुख्य कार्यालय कुठे का असेना.

मिस्टर अजून सावरतायत, मग आत्ताच आकडा कसा सांगायचा, असं मनात येईल. दाव्यात अंदाज लिहा. अपंगत्व किती राहिलं हे पुराव्याच्या वेळी सिद्ध करायचं असतं, आणि मागितल्यापेक्षा जास्त रक्कम योग्य वाटली तर तीही न्यायाधिकरण देऊ शकतं. मात्र निकाल एकदाच लागतो. चार वर्षांनी फिट यायला लागल्या म्हणून पुन्हा नव्याने मागायला जाता येत नाही. म्हणून पुढच्या उपचारांचा खर्च आताच्याच दाव्यात यायला हवा.

आता तो घरी येणारा माणूस. त्याच्यापुढे कशावरही सही करू नका, मिस्टरांनाही करू देऊ नका. कोऱ्या कागदावर नाही, स्टॅम्प पेपरवर नाही, ‘नुसती पोच आहे’ म्हणाला तरी नाही. विमा कंपनीला तडजोड करायची असेल तर तिने प्रस्ताव लेखी द्यावा. तो न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीत नोंदवून घेता येतो. तडजोड वाईट असते असं मी म्हणत नाही. लोकअदालतीत चांगल्या रकमेवर मिटलेले दावे आहेत, आणि घरात पैशाची निकड असताना वर्षानुवर्षं थांबणं सोपं नसतं हेही खरं. पण मेंदूला मार लागून पाच महिने झालेत. या दुखापतीत सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते आणि पुढे दोनेक वर्षं हळूहळू चालू राहते. काय परत येईल आणि काय कायमचं गेलं, हे आज डॉक्टरही छातीठोक सांगणार नाहीत. अशा वेळी शेवटचा आकडा ठरवून टाकायची घाई फक्त विमा कंपनीच्या सोयीची आहे.

दिरांचा प्रश्न मात्र नीट समजून घेऊ, कारण उद्या विमा कंपनीचे वकील तोच विचारणार आहेत. माणूस चालतो, बोलतो, हात-पाय शाबूत आहेत, मग नुकसान कसलं?

तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या फोटोत दोन गोष्टी आहेत. दाखल करताना ‘जीसीएस 9’ आणि मेंदूच्या पुढच्या भागाला मार. जीसीएस म्हणजे बेशुद्धीची खोली मोजायचा आकडा, 3 ते 15 मधला. 13 आणि त्याच्या वर सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 आणि त्याखाली गंभीर. म्हणजे ही दुखापत किरकोळ नव्हतीच. कपाळामागचा मेंदूचा भाग कामाची आखणी करतो, रागाला आवर घालतो, एक काम संपवून दुसऱ्याकडे वळायला लावतो. तिथे इजा झाली की माणूस गप्पा मारू शकतो, जुने किस्से सांगू शकतो, पण गॅस बंद करायचा राहतो आणि ताट भिंतीवर जातं. तुम्ही लिहिलेली एकेक गोष्ट त्या जागेच्या इजेशी जुळते. ताई, तो त्यांचा स्वभाव बिघडलेला नाही, ते जखमेचं लक्षण आहे. मूल घाबरतंय, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना हे स्पष्ट सांगा, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. चिडचिडीवर औषध आणि उपचार दोन्ही आहेत. आणि डॉक्टर लेखी होकार देईपर्यंत मोटारसायकलची किल्ली त्यांच्या हाती लागू देऊ नका.

त्याच कार्डावर शेवटी ‘शुद्धीवर, स्थळकाळाचं भान आहे’ असा शेरा आहे. विमा कंपनी हाच शेरा अधोरेखित करून दाखवणार. माणूस घरी सोडण्याइतका सावरलाय एवढाच त्याचा अर्थ. तो सीएनसी मशिनवर उभा राहू शकतो का, याबद्दल त्यात काही नाही.

कायद्याने हा फरक ओळखलेला आहे. ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या ऑक्टोबर 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरांच्या दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईची गमावलेली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. दाखल्यावर टक्के मात्र दोघांचे सारखेच. म्हणून न्यायाधिकरणाने विचारायचं ते हे, की हा माणूस आधी काय काम करत होता आणि आता काय करू शकतो. सीएनसीवर ड्रॉइंग वाचायचं, ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) टाकायचा, मायक्रोमीटरने माप घ्यायचं, टूल घासलं की वेळेत ओळखायचं. हे सगळं स्मरणावर आणि लक्षावर चालतं. तिथे ‘हात-पाय शाबूत’ हे उत्तर पुरत नाही.

पैशांत हा फरक केवढा पडतो ते दाखवते. हे आश्वासन नाही, हिशेबाची रीत आहे. पगार 24,000. वय 40 च्या खाली आणि नोकरी कायम नाही, म्हणून 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे. जखमींच्या दाव्यातही ते धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. झाले महिना 33,600, वर्षाचे 4,03,200. 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात 31 ते 35 वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, 16 आहे. गुणाकार 64,51,200. आता न्यायाधिकरणाने कमाईची ताकद 20 टक्केच गेली असं मानलं तर 12,90,240. 70 टक्के मानलं तर 45,15,840. माणूस तोच, अपघात तोच. मधले बत्तीस लाख पुराव्यावर ठरतात. उपचाराचा खर्च, घरी बसलेल्या महिन्यांचा पगार, वेदना, आयुष्यातला हिरावलेला आनंद, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च हे सगळं यापुढे वेगळं. साडेचार लाखांचा प्रस्ताव या हिशेबाशेजारी ठेवून दिरांना दाखवा.

तर पुरावा. ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाचा दाखला मिळेल, तो काढाच. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि अपघाताने मेंदूला झालेली इजा हा त्यातला स्वतंत्र प्रकार नाही. तपासणी हातापायांची ताकद पाहून संपली तर टक्के अगदी कमी येतील. तसं होऊ नये म्हणून न्यूरॉलॉजिस्टांकडून आधी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे चिठ्ठी घ्या. तिथे स्मरणशक्ती, एकाग्रता, विचारांचा वेग, आखणी यांच्या चाचण्या होतात. काही तास लागतात, आणि अहवालात त्यांचं शिक्षण आणि आधीचं काम लक्षात घेऊन निष्कर्ष लिहिलेला असतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव विरघळला की चित्र स्वच्छ दिसायला लागतं, पण या चाचण्यांत उरलेली तूट आकड्यांत येते. सहा महिने झाल्यावर एक चाचणी आणि साक्षीच्या सुमारास दुसरी, असं करता आलं तर उत्तम. माझ्या मते या दाव्यात पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हा करा. आणि ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांची साक्ष हवी. येत नसतील तर वकिलांनी समन्स काढून घ्यावं. नुसता दाखला फाइलला जोडून ठेवला की विमा कंपनी त्यावर हरकत घेते.

दुसरा पुरावा तुमच्या घरात रोज तयार होतोय. दोनशे पानी वही घ्या. रोज तारीख टाका आणि त्या दिवशी जे घडलं ते दोन-चार ओळींत लिहा. ‘सकाळी तीनदा विचारलं आज वार कोणता’, ‘दूध उतू गेलं, शेजारीच बसले होते’, ‘गोळ्या दिल्या, घेतल्या नाहीत म्हणून भांडले’. चांगला दिवस गेला तर तोही लिहा. ज्या वहीत नुसत्या तक्रारी असतात ती साक्षीच्या पिंजऱ्यात टिकत नाही. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या, म्हणजे त्यांच्या केसपेपरवर या गोष्टींची नोंद होते. ती नोंद पुढे फार उपयोगी पडते.

कंपनीतून अपघाताआधीच्या पगाराच्या स्लिप, पीएफचं पासबुक, बँकेचं स्टेटमेंट जमवा. ऑपरेटरवरून हेल्परवर कधी आणलं आणि घरी कधी बसवलं, हे लिहून द्या म्हणून अर्ज करा. पत्र देत नसतील तर शेजारच्या मशिनवरचा सहकारी किंवा सुपरवायझर साक्षीला येईल का पाहा. आणि भजनी मंडळातल्या एखाद्या बुवांनाही विचारा. हे मी मुद्दाम सांगतेय. पखवाजातून कमाई नव्हती, म्हणून तुम्हाला वाटेल कोर्टाला त्याचं काय. पण ज्या गोष्टीत माणसाचा जीव रमायचा ती सुटली, तर त्याची भरपाई वेगळ्या सदराखाली मिळते. शिवाय वर्षानुवर्षं ठेका धरणाऱ्या माणसाचा आता ठेका हुकतो, हे गावातल्या माणसाने सांगितलं तर वैद्यकीय अहवालातली ओळ न्यायाधीशांना डोळ्यांसमोर दिसते.

हेल्मेटबद्दल. डोक्यात होतं असं चुकूनही सांगू नका. पंचनाम्यात, दवाखान्याच्या नोंदीत खरं आलेलं असतं, आणि एका खोट्यापायी सगळी साक्ष पडते. हेल्मेट घालणं कलम 129 प्रमाणे बंधनकारकच आहे, आणि मार डोक्याला असल्यामुळे विमा कंपनी तुमच्या मिस्टरांचीही चूक धरा म्हणणार. पण धडक टेम्पोने मागून दिली. हेल्मेट नसल्यामुळे अपघात झाला नाही, फार तर मार वाढला. यावर न्यायालयांनी प्रकरणं पाहून वेगवेगळा निर्णय दिलाय. कुठे काही टक्के कापले, कुठे नाही. वाईटात वाईट म्हणजे रकमेत कपात. दावा त्यामुळे बाद होत नाही.

मेडिक्लेमचे तीन लाखही तो माणूस वजा करायला सांगत असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये निकाल दिलाय की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून कापायची नाही. हप्ते भरून घेतलेल्या विम्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने का घ्यावा? म्हणून दवाखान्याची सगळी बिलं दाव्यात लावा, सोनं मोडून भरलेली तर लावाच.

आणि तुमचं काय, ताई? पत्रात स्वतःबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही. गॅस पाहणं, गोळ्या देणं, मुलाला दुसऱ्या खोलीत नेणं, रात्री जागणं, हे आता तुमचं पूर्णवेळ काम झालंय. सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च हे भरपाईतलं मान्य सदर आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या, 12 व्या वर्षी डोक्याला मार लागलेल्या मुलीच्या प्रकरणात एकूण 62,27,000 रुपये दिले, त्यातले 21,60,000 केवळ सांभाळणाऱ्या माणसांसाठी, तेही गुणक लावून. त्या मुलीची अवस्था तुमच्या मिस्टरांपेक्षा कितीतरी वाईट होती, त्यामुळे तोच आकडा धरू नका. पण बायको घरातच आहे, तिला कसले पैसे, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. वकिलांना हे सदर दाव्यात लिहायला सांगा. तुमची शिवणकामाची, शेतावरची जी काही कमाई या पाच महिन्यांत बुडाली असेल, तीही सांगा.

सासूबाईंवर रागावू नका. लेकाच्या कपाळी ‘वेडा’ हा शिक्का बसेल, उद्या नातवाची सोयरीक अडेल, ही भीती त्यांच्या बोलण्यामागे आहे. त्यांना शांतपणे सांगा की न्यायाधिकरण कुणालाही वेडा ठरवत नाही. तिथे एवढंच पाहिलं जातं की टेम्पोने धडक दिली तेव्हा मेंदूला काय इजा झाली आणि त्यामुळे काम किती सुटलं. पाय मोडला असता तर लंगडतो हे सांगायला कुणाला संकोच वाटला नसता. मी तुमच्या जागी असते तर सासूबाईंनाच साक्षीदार केलं असतं. लहानपणापासून लेकाला ओळखणारी आई जेव्हा सांगते की माझा मुलगा असा नव्हता, त्याला तोड नाही. आज त्या तयार नसतील, दावा चालेपर्यंत होतीलही. पण त्यांना कधीतरी न्यूरॉलॉजिस्टांकडे सोबत न्या. तुमच्याकडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल.

वकील निवडताना एक काळजी घ्या. दवाखान्याच्या दारात भेटणारे, ‘आत्ता काही देऊ नका, निकाल लागल्यावर तीस टक्के द्या’ म्हणणारे एजंट टाळा. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना मना आहे. पैशांची अडचण असेल तर राजगुरुनगरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, पुण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कुणाकडेही गेलात तरी मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

दावा कुणाच्या नावाने, हेही वकिलांशी बोला. दावा जखमी माणसाचाच असतो. पण आपलं हित समजून निर्णय घेण्याच्या स्थितीत ते नाहीत असं डॉक्टरांचं मत असेल, तर तुम्ही त्यांच्या वतीने वादमित्र म्हणून दावा चालवू शकता. मग तडजोडही न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय होत नाही, हे एक संरक्षणच आहे. रक्कम मंजूर झाली की बराचसा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवून दरमहा व्याज मिळेल अशी सोय करून मागा. एकरकमी पैसा घरात आला की मागणारे वाढतात, आणि हिशेब ठेवायची मिस्टरांची क्षमता आज नाही.

केस चालू असताना फार बरे होऊ नका, उपचार पुढे ढकला, असं सांगणाराही कुणीतरी भेटेल. त्याचं ऐकू नका. उपचार चालू ठेवले तर पुरावा कमी होत नाही. प्रयत्न करूनही काय परत आलं नाही, हे त्यातूनच दिसतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हो, त्यांना बहुधा एकदा उभं राहावं लागेल, आणि विमा कंपनीचे वकील विचारतील, ‘आता बरं वाटतंय ना?’ ते म्हणतील, ‘हो, मला काही झालेलं नाही.’ याची भीती बाळगू नका. आपल्यात काय बदललंय हे न कळणं हाही अशा इजेचा भाग असतो, आणि ते डॉक्टरांच्या साक्षीत आलं पाहिजे, हे वकिलांना आधीच सांगून ठेवा. मिस्टरांकडून काही पाठ करून घेऊ नका. जे सुचेल ते त्यांनी बोलावं. डॉक्टरांची आणि तुमची साक्ष शक्यतो त्यांच्या साक्षीला जोडूनच ठेवा, म्हणजे न्यायाधीशांना दोन्ही एकत्र ऐकायला मिळेल.